मुनीरभाईंनी मशीन उघडलं नाही, तो दिवस

फोन आला तेव्हा दुकानात सकाळची गर्दी होती. लोणावळ्याच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. समोर एक काका आधार कार्डाच्या पाच प्रती मागत उभे होते आणि त्यांच्यामागे एक मुलगी भाडेकराराची फाईल छातीशी धरून. मोबाईलवर रेश्माचं नाव दिसलं. रेश्मा म्हणजे मुनीरभाईंची मुलगी. "ताई, अब्बा गेले... पहाटे," एवढंच म्हणाली ती. आणि मी म्हटलं, "बरं." बरं! माणूस गेल्याच्या बातमीला कोणी 'बरं' म्हणतं का? पण माझ्या तोंडातून तेच बाहेर पडलं. मग मी काकांच्या पाच प्रती काढून दिल्या, मुलीची फाईल घेतली, एकेक पान काचेवर ठेवत गेले. बऱ्याच वेळानं तीच घाबरत म्हणाली, "मावशी, सगळी पानं कोरी येतायत." मी कागद उताणे ठेवत होते. तेव्हा कुठे मला रडू फुटलं, आणि ती बिचारी "असू द्या मावशी, असू द्या" म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

परवा मुनीरभाईंचा चाळिसावा झाला. मी काही लेखिका नाही. लोकांचे अर्ज टाईप करून देण्यापलीकडे माझा लिहिण्याशी संबंध नाही. पण हे लिहायचं कारण आहे. या माणसावर मी एकदा भर दुकानात, चार माणसांसमोर एक आरोप केला होता. तो खोटा होता. माफी मागितली ती मात्र त्यांच्या घरी, दार लोटून. ऐकायला तिथे ते चौघे नव्हते. कोण होते तेही आता आठवत नाही. कदाचित त्यांच्यातलं कोणी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचत असेल. बाबांनो, तुमच्यासमोर मी ज्याला कमिशन खाणारा ठरवलं, तो माणूस तसा नव्हता. चूक माझी होती. आता सगळं नीट, पहिल्यापासून सांगते.

दुकान टाकून जेमतेम वर्ष झालं होतं. पावसाळा लागला आणि प्रिंटरनं कागद खायला सुरुवात केली. एक पान ओढायच्या ऐवजी चार ओढायचा, मध्येच घोळ करून थांबायचा, कधी चुरगळलेला चेंडू बाहेर टाकायचा. पुण्याहून एक इंजिनीअर आला, टाय लावून. त्यानं झाकण उघडलं, झाकण लावलं आणि सांगितलं की कागद ओढणारा आतला अख्खा भाग बदलावा लागेल. किंमत ऐकून माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात आणखी थोडे घातले असते तर नवा प्रिंटर आला असता! तेव्हा कागदाची रिमं पोचवणारा माणूस म्हणाला, "ताई, घोरावाडीला एक मुनीरभाई आहेत. आधी त्यांना दाखवा."

दुसऱ्या दिवशी अकराच्या लोकलनं ते आले. पन्नाशीचे, बारकेसे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात जेवणाचा चार पुडाचा डबा. मला वाटलं, हा काय इथे जेवायला आलाय? डबा उघडला तर वरच्या पुडात स्क्रू, दुसऱ्यात स्प्रिंगा, तिसऱ्यात ग्रीसची डबी आणि पेचकस, आणि तळाच्या पुडात खरोखरच भाकरी आणि मेथीची भाजी. पण त्यांनी मशीनला हातसुद्धा लावला नाही. ट्रेमधला कागदाचा गठ्ठा काढला, एक कागद घेऊन गालाला लावला, डोळे मिटले. मी मनात म्हटलं, झालं, हा तर मांत्रिक निघाला.

"ताई, मशीन बरी हाय," ते म्हणाले. "कागद आजारी हाय."

"म्हणजे?"

"ह्या गावात मिटाला पानी सुटतं, पापड सादळत्यात. मग कागदानं काय घोडं मारलंय? घरात धान्याची रिकामी कोठी हाय का?"

होती. पत्र्याची. तिच्यात त्यांनी पिवळा बल्ब टांगायला लावला आणि रिमं आत ठेवायला सांगितली. दोन दिवसांत प्रिंटर शहाण्यासारखा वागायला लागला. माझ्या दुकानातली ती कोठी बघून येणारे-जाणारे "ताई, दोन किलो ज्वारी द्या" म्हणून चेष्टा करायचे ती गोष्ट वेगळी. मुनीरभाईंना मी पैसे विचारले तर ते डबा बंद करत म्हणाले, "मशीन उघडली न्हाई, तर पैसं कसलं?" अर्धा कप चहा घेतला आणि गेले.

मुनीरभाई आधी आंबीच्या एका कारखान्यात होते, मेंटेनन्सला. तिथला नियम साधा होता, पार्ट गेला की पार्ट टाका. हे मात्र फेकलेला पार्ट जेवणाच्या सुट्टीत उघडून बसायचे आणि चालू करून परत नेऊन द्यायचे. "सायेब म्हनायचे, मुनीर, तुजा येळ पार्टापरीस म्हाग हाय. मी म्हनायचो, मग पगार वाडवा की, सायेब!" हे सांगताना ते इतके हसायचे की डोळ्यांत पाणी यायचं. पुढे कारखान्याचा तो विभागच बंद झाला. घरी बसलेल्या माणसाला मेहुण्यानं एक बिघडलेला प्रिंटर आणून दिला, टाईमपास म्हणून. तो चालू झाला, मग शेजारच्याचा, मग शाळेचा. असं करत करत तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत जिथे जिथे प्रिंटर होता तिथे तिथे मुनीरभाईंचा डबा पोचला.

त्यांची एक रीत होती. मालक समोर बसल्याशिवाय मशीन उघडायचं नाही. मला गिऱ्हाईक असो, फोन असो, काही असो. "बसा ताई. तुमच्या मानसाचं आपरेशन हाय, तुमी भाईर कशाला?" मग जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे ओळीनं मांडत जायचं, म्हणजे परत बसवताना उजवीकडून सुरू करायचं. पंगत वाढल्यासारखं दिसायचं सगळं. आणि बिघाड सापडला की तो पार्ट माझ्या हातात द्यायचा. "हे बगा. ह्यो रबराचा रोलर. गुळगुळीत झालाय, कागद धरत न्हाई. फेकायचा का? न्हाई. कोमट पान्यानं धुवायचा, उलटा फिरवून बसवायचा, आनी वरीसभर चालवायचा." दात तुटलेल्या गिअरच्या जागी मेलेल्या मशीनमधला गिअर यायचा. अडकलेलं झाकण खोडरबराच्या तुकड्यानं सुधारायचं. पण हट्टी नव्हते ते. खरोखर मेलेला पार्ट असला तर "ह्यो बदला" असं सरळ सांगायचे, फक्त आधी भेग दाखवायचे, जळलेली बाजू दाखवायचे, माझं बोट तिथे टेकवायला लावायचे. त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "ताई, न उगडता, न दावता जो बदला म्हनतो ना, त्याच्यावर इस्वास ठिवायचा न्हाई. मग तो टायवाला असू दे न्हाईतर डबावाला."

मी तशी उतावळी. पी हळद आणि हो गोरी, असं माझं काम. त्यांचं सगळं निवांत. "अहो मुनीरभाई, आज होईल ना?" असं मी दर पाच मिनिटांनी विचारायची आणि ते दर वेळी "व्हईल की" म्हणायचे, जणू पहिल्यांदाच विचारतेय. माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, त्यांनाही होतं. एकदा मी वैतागून म्हटलं, "तुमच्या हाताखाली मशीन कमी दुरुस्त होतं, म्हातारं जास्त होतं!" तर शांतपणे म्हणाले, "मशीन म्हातारी झाली तर चालंल ताई, मरू नये." असा आमचा संवाद. दहाएक वर्षं चालला.

मग तो जून आला. कॉलेजप्रवेशाचे दिवस, दुकानापुढे रांग. आणि प्रिंटरमधून निघालेल्या कागदावर बोट फिरवलं की अक्षरं पुसली जायला लागली. पान बाहेर पडायच्या आधी त्यावरची शाईची पूड तापवून पक्की करणारा एक भाग आत असतो, फ्यूजर म्हणतात त्याला. त्याच्यात रोलरसारखा फिरणारा एक पातळ कातडीसारखा थर असतो. आमच्या धंद्यात त्याला सगळे टेफ्लॉन म्हणतात. तो फाटला की असं होतं. एवढं मला ऐकून ऐकून कळायला लागलं होतं. मुनीरभाईंनी पूर्वी दोनदा माझ्यासमोर नुसता टेफ्लॉन बदलून तो फ्यूजर चालता केला होता. म्हणून फोन केला आणि निर्धास्त झाले.

ते आले. काउंटरच्या बाहेरच उभे राहिले. उजवा हात पँटच्या खिशात. पुसट झालेलं पान डाव्या हातानं उचललं, बघितलं, खाली ठेवलं.

"टेफ्लॉन गेलाय. पन आता अख्खा फ्यूजरच घ्या ताई. नवा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "उघडून तर बघा."

"नगं. काय उपेग न्हाई."

"अहो, उघडल्याशिवाय कसं कळलं?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. मागच्याच आठवड्यात एक विक्रेता सांगून गेला होता की हल्ली नव्या पार्टमागे मेकॅनिकला दुकानदाराकडून कमिशन मिळतं. रांगेत चार माणसं उभी होती. माझं डोकं आधीच तापलेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "किती सुटतात हो मुनीरभाई, एका फ्यूजरमागं?"

रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. मुनीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, राग असता तर बरं झालं असतं. "चुकलं माझं ताई. येतो," म्हणाले, डाव्या हातानं डबा उचलला आणि चहा न घेता गेले. आणि मी, मेली, त्यांच्या पाठीमागे आणखी एक वाक्य टाकलं, "चोराच्या मनात चांदणं!" ते त्यांनी ऐकलं की नाही हे मी त्यांना कधीच विचारू शकले नाही.

महागातला फ्यूजर आणला. बसवायला दुसरा माणूस बोलावला. त्यानं जुना काढून कोपऱ्यात टाकला, मी तो पोत्यात भरून टेबलाखाली सारला. दुकान चाललं. मुनीरभाई आले नाहीत. जुलै गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. फोन मीही केला नाही. मी कशाला करू? खरं बोलले म्हणून झोंबलं असेल त्यांना, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण लोकल आली की अकराच्या सुमाराला नजर रस्त्याकडे जायची, हेही खरं.

आमच्या धंद्याचा एक धर्म आहे. गिऱ्हाइकाचा कागद बघायचा, वाचायचा नाही. कोणाचा घटस्फोट, कोणाचं मृत्युपत्र, कोणाचा रिपोर्ट, आपल्या डोळ्यांखालून सगळं जातं आणि जाऊ द्यायचं. तो धर्म मी फेब्रुवारीत मोडला. एक तिशीची मुलगी दवाखान्याच्या कागदांचा गठ्ठा घेऊन आली. पहिलंच पान काचेवर ठेवताना पेशंटचं नाव दिसलं. मुनीर. गाव घोरावाडी. आणि मग माझे डोळे थांबेनात.

"तुम्ही मुनीरभाईंच्या कोण?"

"मुलगी. रेश्मा. मळवलीच्या शाळेत शिकवते. तुम्ही कोठीवाल्या ताई ना? अब्बा सांगायचे तुमच्याबद्दल."

"काय झालंय त्यांना?"

"हात थरथरतात. उजवा जास्त. कंपवात आहे."

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्याच्या आधीपासून असणार. आम्हाला तरी कुठं सांगितलं? चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले तेव्हा अम्मीला संशय आला." ती कागद नीट करत बोलत होती, तिला कल्पनाच नव्हती की मला काय होतंय. "मे महिन्यात तळेगावात एकाचं मशीन उघडलं आणि बसवताना अब्बांच्या हातून टेफ्लॉन फाटला. कोरा, नवा. पदरचा दुसरा आणून दिला त्याला. त्या दिवसापासून कोणाचंच मशीन उघडलं नाही त्यांनी."

मे. आणि माझा तो जून. खिशातला उजवा हात... मी काचेवरचं झाकण तसंच दाबून धरून उभी राहिले. कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांना मशीन उघडता येत नव्हतं, म्हणून ते बदला म्हणाले होते. आणि मी त्यांना विचारलं, किती सुटतात.

गुरुवारी माझं दुकान बंद असतं. त्या गुरुवारी पोत्यातला जुना फ्यूजर घेतला आणि घोरावाडीला उतरले. दार त्यांच्या बायकोनं, जरीनाभाभींनी उघडलं. मुनीरभाई पलंगावर बसले होते, मांडीवर उशी आणि उशीवर उजवा हात. मला बघून उठायला लागले. मी म्हटलं, "बसा. आधी माझं ऐका. मुनीरभाई, मी तुम्हाला चोर म्हटलं."

"चोर कुटं म्हनलात? किती सुटतात म्हनून इचारलंत."

"तेच ते."

त्यांनी उशीवरचा हात सारखा केला. मग म्हणाले, "व्हय. तेच ते." उगाच गोड बोलले नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. मी रडले, माफी मागितली, भाभींनी पाणी आणलं. मग ते हळूच म्हणाले, "पन ताई, तुमचं बी बरुबर हुतं. मी न उगडता बदला म्हनलो. असल्या मानसावर इस्वास ठिवू नका, ह्ये मीच तुमाला शिकवलंय न्हवं?"

"मग सांगायचं ना, की हात..."

"पार्ट बिगडला तर मी गिऱ्हाइकाला दावतो. हात बिगडला, त्यो कसा दावू? चार मानसं हुती. लाज वाटली."

मी पोतं सोडलं आणि फ्यूजर जमिनीवर ठेवला. "हे उघडायचंय."

"कोन उगडनार?"

"मी. तुम्ही सांगा."

आधी ते हसले. मग भाभी हसल्या. "पोळ्या करता का?" मुनीरभाईंनी विचारलं. "मग यील. पसरा पेपर."

काय सांगू त्या दिवसाचं! पन्नाशी ओलांडलेली मी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि ते पलंगावरून माझ्यावर वसावसा ओरडतायत. इतक्या वर्षांत आवाज न चढवलेला माणूस! "जोर लावू नका, कणीक न्हाई ती!" "आवो, डावा स्क्रू आदी!" "पंगत मोडली तुमी, ह्यो कुटला हुता सांगा आता!" एक स्प्रिंग टुणकन उडाली ती गायबच झाली. भाभी आणि मी दोघी गुडघ्यांवर, पलंगाखाली डोकं घालून. मुनीरभाई वरून म्हणतायत, "फ्रिजवरचं लोहचुंबक फिरवा की!" चुंबक फिरवलं तर आधी भाभींचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला केसांचा आकडा निघाला, मग स्प्रिंग. आम्ही तिघं इतके हसलो की शेजारीण डोकावून गेली. टेफ्लॉन त्यांच्याकडे एक पडून होता. तो तीनदा वाकडा बसला. चौथ्यांदा मी श्वास रोखून तो सरकवत होते, तेव्हा सहज वर बघितलं. मुनीरभाई वाकले होते, आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांच्या वर, हवेत, थरथरत, तेच काम करत होते. ते मी कधी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात तो बसवला. महागातला नवा काढून बाजूला ठेवला. अडाणीपणा म्हणा हवं तर. घोरावाडीला फोन लावला. "फोन मशीनजवळ न्या," ते म्हणाले. मी पान सोडलं. ते ऐकत राहिले. "उजव्या अंगाला कुरकुर हाय. ग्रीस कमी घातलंत. पन चालंल. बोट फिरवा आता." फिरवलं. अक्षर जागचं हललं नाही. मी इतक्या जोरात ओरडले की समोरचा चहावाला धावत आला.

मग तो नेमच झाला. दर गुरुवारी मी घोरावाडीला, आणि बरं असेल त्या दिवशी रेश्मा शाळेच्या आधी एक स्टेशन पुढे येऊन त्यांना माझ्या दुकानात सोडायची. लोक पुन्हा मशीन घेऊन यायला लागले. ते खुर्चीत बसून सांगायचे, मी उघडायची. "भाई, तुम्ही का नाही करत?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "ताईला शिकवतोय." शेवटपर्यंत तेच सांगितलं त्यांनी. आणि मीही, दुकानात चार माणसं असताना "मागे मी यांना भलतंच बोलले होते" हे कधी म्हणू शकले नाही. कितीदा ओठांवर आलं, कितीदा गिळलं. दोघांनाही आपापलं तेवढं जमलं नाही.

शेवटची भेट झाली तेव्हा ते अंथरुणालाच खिळले होते. छातीत कफ, आवाज बारीक. मी नेहमीप्रमाणे आठवड्याचा हिशेब द्यायला लागले, हे मशीन झालं, ते झालं नाही. आणि बोलता बोलता निघून गेलं, "परवा एकाचा टेफ्लॉन फाटला हो माझ्या हातून."

"त्याला सांगितलं?"

"नाही. गुपचूप दुसरा घातला."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाले, "तळेगावच्याला मी बी न्हाई सांगितलं. पार्टच खराब निगाला, असं म्हनलो त्याला... पार्ट चांगला हुता, ताई. पार्टाचं नाव घेतलं मी." मग डोळे उघडून म्हणाले, "लय लागलंय ते. तुमी सांगत जा. मला न्हाई जमलं." मी त्यांचा हात हातात घेतला. औषधानं असेल, नाहीतर अशक्तपणानं, त्या दिवशी तो फारसा हलत नव्हता.

ते गेले त्या दिवशी पुरुष मय्यत घेऊन गेले आणि आम्ही बायका घरातच बसलो. जरीनाभाभी माझा हात धरून होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर ओरडून आले ना, की त्या दिवशी चांगले जेवायचे." मी म्हटलं, मग अजून चुका करायला हव्या होत्या मी. रडता रडता हसलो दोघी. मुनीरभाई, मला तुमची फार आठवण येते हो. कुठलंही मशीन उघडलं की येते, आणि मशीन तर मी रोज उघडते.

मागच्या आठवड्यात भाजे गावची एक बाई आली. घरातल्या दोन खोल्या ती लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना देते, त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती काढायला छोटा प्रिंटर ठेवलाय. तो ओढणीत बांधून आणला होता. "ताई, शोरूमवाला म्हनला, नवीनच घ्या. बगा की काय व्हतंय का." मी तिला समोर बसवलं, पेपर पसरला, ओळ मांडली. बिघाड सापडलाही. अगदी आत, एकात एक गुंतलेल्या गिअरच्या पलीकडे, एका गिअरचा दात गेलेला. तसा गिअर माझ्याकडे होता. पण तिथवर हात पोचेना. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा एक पातळ पट्टी कडकन वाजली आणि मी हात मागे घेतला. अशा वेळी डाव्या बाजूनं जायचं की खालून, हे मी कधी विचारलंच नव्हतं त्यांना. घामानं चष्मा निसटत होता. काउंटरवर गिऱ्हाइकं उभी होती, चार-पाच तरी असतील, सगळी माझ्याकडे बघत. आणि खरं सांगते, 'पार्टच गेलाय बाई, नवीन घे' हे वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. किती सोपं होतं ते. कोणाला कळणार होतं?

मी चष्मा काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुझं मशीन बरं आहे. मलाच जमत नाहीये."

ती बाई गोंधळली. "मग कुनाला येतं?"

"एकाला यायचं," मी म्हटलं. "ते गेले. मला येईपर्यंत ठेवून जाशील?"

तिनं पेपरवरच्या ओळीकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. "किती दिस?"

"माहीत नाही गं."

"ठिवा मग," ती म्हणाली. ओढणी झटकून खांद्यावर घेतली आणि गेली. मशीन अजून टेबलावर आहे, उघडं.